माउलब्रॉनच्या पाऊलवाटा : मठ, मळे आणि तळी

ताम्रपट, शिलालेख आणि दफ्तरे यांना इतिहासाची साधने म्हणून जी मान्यता आहे, ती पाऊलवाटांना अद्याप लाभलेली नाही. वाटेवर तिथी कोरलेली नसते आणि ती कोणी पाडली याचा लेखही सहसा सापडत नाही. तथापि, एखाद्या खोऱ्यातील वाटा, त्या ज्या ठिकाणांना जोडतात ती ठिकाणे आणि त्या ठिकाणांची नावे यांचा एकत्र विचार केला, तर लेखी साधने ज्यांविषयी मौन पाळतात अशा लोकांचा माग लागू शकतो. नैर्ऋत्य जर्मनीतील माउलब्रॉनचा परिसर या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

माउलब्रॉन हे गाव श्ट्रोमबेर्ग टेकड्यांच्या नैर्ऋत्य कडेस, झाल्त्साख या लहानशा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. ऑस्ट्रियातील याच नावाची मोठी नदी निराळी. येथील दक्षिणाभिमुख उतारांवर द्राक्षमळे आहेत, माथ्यावर ओक व बीच या वृक्षांची अरण्ये आहेत आणि सखल भागात तळी आहेत. या तिन्हींमधून जाणाऱ्या वाटांवर आज विश्रांतीसाठी आलेले पदयात्री हिंडतात. हा देखावा निसर्गसिद्ध असल्याचा भास होतो. परंतु त्यातील बराचसा भाग मनुष्याच्या हातचा आहे.

मठाची स्थापना आणि जलव्यवस्था

वाल्टर फॉन लोमर्सहाइम या सरदाराने इ. स. ११३८ मध्ये एकेनवाइहर येथे सिस्टर्शियन पंथाच्या साधूंना भूमी दिली. ती जागा मठास अनुकूल ठरली नाही. तेव्हा श्पायरचे बिशप ग्युंथर यांच्या साहाय्याने ११४७ मध्ये मठ माउलब्रॉन येथे हलविण्यात आला. ११७८ मध्ये तेथील चर्चचा अर्पणविधी झाला. आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडील मध्ययुगीन मठांपैकी हा मठ सर्वांत सुस्थितीत राहिलेला समजला जातो. १९९३ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा वास्तूइतकेच महत्त्व तेथील जलव्यवस्थेला दिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या व्यवस्थेचे तत्त्व साधे होते. लहान दऱ्यांच्या तोंडाशी मातीचे बांध घालून पाणी अडवावयाचे, उतारांवरून खोदलेल्या चरांनी ते एका तळ्यातून दुसऱ्यात न्यावयाचे आणि वाटेत त्याच्याकडून शक्य तितकी कामे करून घ्यावयाची. या पाण्यावर गिरणीचे चाक फिरे, कुरणे भिजत, मठातील घाण वाहून जाई आणि तळ्यांत मासे पोसले जात. सिस्टर्शियन साधूंना मांस निषिद्ध होते. त्यामुळे मत्स्यपालन ही त्यांच्या आहाराचीच गरज होती. आल्किस्टनझे या तळ्याच्या नावात ईल मासा आणि पेटी हे दोन शब्द आहेत. पाणी बाहेर पडते तेथे मासे पकडण्यासाठी लावलेल्या पेटीची स्मृती त्यात उरली आहे. टीफर झे, म्हणजे खोल तळे, या तळ्यात आज लोक पोहतात.

बांध घातला की तो राखावा लागतो, चर खणला की त्यातील गाळ उपसावा लागतो. तळ्यांच्या काठाने आणि चरांच्या कडेने जाणाऱ्या वाटा या प्रामुख्याने अशा देखरेखीच्या वाटा होत. द्राक्षमळ्यांतील वाटांचेही तेच. पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर दगडी ताली घालणे, पावसाने वाहून गेलेली माती पाठीवरून पुन्हा वर नेणे आणि द्राक्षे खाली आणणे यासाठी त्या पडल्या. अरण्यातील वाटा लाकूड आणि वालुकाश्माच्या खाणीतील दगड वाहण्यासाठी होत्या.

शब्दांची साक्ष

येथे भाषेचा पुरावा उपयोगी पडतो. जर्मन भाषेत मद्याला ‘वाइन’ म्हणतात. तो शब्द लॅटिन ‘व्हीनुम’पासून आला. द्राक्षे गाळण्याच्या यंत्राचे ‘केल्टर’ हे नाव तुडविणे या अर्थाच्या लॅटिन धातूशी संबद्ध आहे. तळ्याला ‘वाइहर’ म्हणतात. त्याचे मूळ ‘व्हिव्हारियुम’, म्हणजे जिवंत प्राणी राखण्याची जागा, हे होय. याउलट अरण्याचा ‘वाल्ड’ हा शब्द मूळचाच जर्मानिक आहे. अर्थात मळा आणि तळे यांची परिभाषा रोमनांकडून आली आणि अरण्याची देशी राहिली.

यावरून द्राक्षवेल साधूंनी आणली, असे अनुमान मात्र काढता येत नाही. हे शब्द मठाच्या कित्येक शतके आधीच जर्मन भाषेत रुळलेले होते आणि नेकार नदीच्या प्रदेशातील द्राक्षमळ्यांचे उल्लेख आठव्या शतकापासून मिळतात. साधूंनी वेलीचा शोध लावला नाही. त्यांनी श्रमाची आणि भूमीची काटेकोर व्यवस्था लावली.

स्थानिक दंतकथा मात्र साऱ्याचे श्रेय साधूंनाच देतात. आइलफिंगरबेर्ग हा येथील सर्वांत प्रसिद्ध द्राक्षमळा. ‘आइल्फ’ हे अकरा या संख्येचे जुने रूप आणि ‘फिंगर’ म्हणजे बोट. उपवासाच्या काळात साधूंना मद्यात बोट बुडवून चाटण्याची मुभा होती आणि आपल्याला अकरावे बोट असते तर, असे त्यांना वाटले, अशी कथा सांगतात. ही लोकव्युत्पत्ती होय. जवळच एल्फिंगर होफ नावाची वाडी आहे. ‘इंगेन’ हा प्रत्यय या प्रदेशातील अनेक जुन्या गावांच्या नावांत येतो आणि तो बहुधा एखाद्या व्यक्तीच्या नावाला जोडलेला असतो. म्हणजे या नावामागे बोट नसून मठाच्या आधीची एक वसाहत आहे. माउलब्रॉन या नावाचेही तसेच. पाण्याच्या शोधात सोडलेले खेचर झऱ्याशी थांबले, अशी कथा आहे. परंतु जुने रूप ‘मूलेनब्रुनेन’ असल्याने गिरणीचा झरा हा अर्थ अधिक संभवनीय आहे. दोन्ही ठिकाणी कथेने साधू पुढे आणले आणि गावकरी व गिरणी मागे सारली, हा योगायोग नव्हे.

श्रम आणि स्वामित्व

या व्यवस्थेचा भार प्रथम मठातील श्रमबंधूंवर आणि पुढे उत्तरोत्तर खंडकरी व वेठबिगार शेतकऱ्यांवर पडला. त्यांचा आवाज कागदावर उमटला तो १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडात. त्या वर्षी मेमिंगेन येथे तयार झालेल्या बारा कलमांपैकी चौथ्या कलमात शिकारीचा व मासेमारीचा, पाचव्यात लाकडाचा आणि दहाव्यात सामाईक कुरणांचा हक्क मागितलेला आहे. तळे, अरण्य आणि कुरण हीच माउलब्रॉनच्या भूदृश्याची अंगे होत. बंडखोरांनी त्याच वर्षी हा मठ ताब्यात घेतला. बंड मोडले गेले आणि मागण्या फेटाळल्या गेल्या.

नंतर स्वामी बदलले. ड्यूक उलरिश याने १५३४ मध्ये व्युर्टेम्बेर्गमध्ये धर्मसुधारणा आणली आणि १५५६ मध्ये मठात विद्यालय स्थापन झाले. खगोलशास्त्रज्ञ केप्लर याच विद्यालयात शिकला. मलयाळम भाषेचा १८७२ मधील विख्यात कोश रचणारे हेर्मान गुंडर्ट आणि त्यांचे दौहित्र कादंबरीकार हेर्मान हेस हेही येथीलच विद्यार्थी. शेतकऱ्यांची वेठ मात्र चालूच राहिली. फ्रेंच स्वाऱ्यांना अडविण्यासाठी बाडेनचा लुडविग विल्हेल्म याने १६९५ ते १६९७ या काळात सुमारे ८६ किलोमीटर लांबीची संरक्षणरेषा उभारली. तिचे खंदक या अरण्यांतून जातात आणि ते आसपासच्या गावकऱ्यांनी खणलेले आहेत. आज त्याच रेषेवरून एप्पिंगेनच्या नावाने ओळखला जाणारा पदभ्रमणमार्ग जातो.

वाटेचे रूपांतर

कामाच्या वाटा विहाराच्या वाटा झाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. श्वार्त्सवाल्ड पदभ्रमण संघ १८६४ मध्ये व श्वाबियन आल्ब संघ १८८८ मध्ये स्थापन झाला. अशा संघांनी झाडांवर खुणा रंगविल्या, नकाशे काढले आणि विखुरलेल्या वाटा सांधून मार्ग तयार केले. नवी वाट खोदण्याचे काम त्यांना क्वचितच पडले, कारण वाटा आधीच होत्या. १९८० मध्ये श्ट्रोमबेर्ग–हॉइशेलबेर्ग हे निसर्गउद्यान घोषित झाले. १९७५ च्या संघराज्य वनकायद्याने विश्रांतीसाठी अरण्यात प्रवेश करण्याची मुभा सर्वांना दिली.

१५२५ ची मागणी आणि १९७५ चा कायदा यांत साडेचारशे वर्षांचे अंतर आहे. तथापि, दुसऱ्याने पहिलीची पूर्तता केली, असे म्हणणे सयुक्तिक नव्हे. शेतकऱ्याने लाकूड आणि मासे मागितले होते. कायद्याने चालण्याचा हक्क दिला. उपजीविकेचा प्रश्न विहाराच्या प्रश्नात रूपांतरित झाला आणि त्या रूपांतरातच वाट पाडणाऱ्याची स्मृती पुसट झाली. ‘मठाचे भूदृश्य’ हा शब्दप्रयोग चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एल्फिंगेनच्या वसाहतीचे नाव, गिरणीच्या झऱ्याचे नाव आणि पेटी लावून मासे धरणाऱ्याच्या तळ्याचे नाव ही त्याची आवश्यक पुरवणी होय. वाटेचा इतिहास लिहिणाऱ्याने प्रथम ती कोणत्या ओझ्यासाठी पडली, हे विचारले पाहिजे.