एका मिलिमीटरचा इतिहास

१/ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून जालना रस्त्याने शहरात आले की आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. ते २०१२ साली सुरू झाले. तोवर मराठवाड्यातील अनेक रुग्णांना परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागे. मलाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाची फाइल उघडली, तर एमआरआयच्या अहवालात एका अंतराचा उल्लेख सापडतो. ते अंतर एक मिलिमीटर वा त्याहून कमी असेल, तर उपचारांचा क्रमच बदलू शकतो. या मिलिमीटरची ही कथा.

२/ राँटजेनला क्ष-किरण १८९५ साली गवसले. लगेचच हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न खाऊ घालून जठराची हालचाल पाहिली. पुढे बिस्मथची जागा बेरियमने घेतली. १९७१ मध्ये लंडनला हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला. तरी प्रश्न जुनाच राहिला : गाठ आहे कुठे, आणि केवढी?

३/ खरी कलाटणी दिली ती चित्राने नव्हे, तर विकृतिशास्त्राच्या टेबलाने. मलाशयाभोवती चरबीचा थर असतो, त्यावर पातळ पापुद्रा. शल्यचिकित्सक हील्ड यांनी १९८२ मध्ये हा सारा थर पापुद्र्यासह अखंड काढावा, असा आग्रह धरला. १९८६ साली लीड्सच्या फिलिप क्वर्क यांनी ५२ रुग्णांचे कापून काढलेले मलाशय आडव्या चकत्या करून तपासले. १४ जणांत रोग कापाच्या बाजूच्या कडेपर्यंत पोचला होता. त्या १४ पैकी १२ जणांत तो ओटीपोटात पुन्हा उद्भवला. गाठ किती मोठी, यापेक्षा ती कडेच्या किती जवळ, हे निर्णायक ठरले. दुर्दैव एवढेच, की हे कळायचे शस्त्रक्रिया उरकल्यावर!

४/ मग तेच अंतर आधी मोजता येईल का? युरोपातील ११ केंद्रांच्या 'मर्क्युरी' अभ्यासाने ४०८ रुग्णांत ते मोजले. निष्कर्ष २००६ मध्ये आले : एमआरआयने ज्यांची कड मोकळी राहील असे सांगितले, त्यांपैकी ९४ टक्क्यांत ती खरोखर मोकळी निघाली. २०१४ मध्ये पाठपुरावा प्रसिद्ध झाला. एमआरआयवर कड मोकळी दिसलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के पाच वर्षांनी हयात होते. बाधित दिसलेल्यांपैकी ४२. म्हणून आता कड धोक्यात दिसली, की बहुधा आधी किरणोपचार व किमोथेरपी, नंतर शस्त्रक्रिया.

५/ जाता जाता : आकारावर भिस्त ठेवणे अन्यत्रही फसले. जठर-आतड्यांच्या भिंतीतील 'गिस्ट' गाठी इमॅटिनिबला दाद देत असतानाही फारशा आकसत नाहीत. २००७ मध्ये ह्यूस्टनच्या चोई यांनी दाखवले, की सीटीवर घनता १५ टक्क्यांनी उतरली तरी औषध लागू पडते आहे असे मानावे.

६/ आज संगणक गाठीच्या पोतातून शेकडो आकडे काढतो. या विद्येला 'रेडिओमिक्स' म्हणतात. यंत्र बदलले की आकडेही बदलतात, हा तिचा कच्चा दुवा. माझा विश्वास अजून त्या मिलिमीटरवर अधिक आहे. पण तोही आपसूक दिसत नाही. त्यासाठी गाठीच्या अक्षाला काटकोनात, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे छेद घ्यावे लागतात. ओटीपोटाच्या सरसकट एमआरआयमध्ये ते अंतर निसटू शकते, आणि मग तपासणी पुन्हा करावी लागते.