शोध लावतो कोण? कंपनी की गिऱ्हाईक?

नवीन वस्तूचा शोध कोण लावतं? आपण पटकन म्हणतो, कंपनी. लॅब तिची, पैसा तिचा, इंजिनिअर तिचे. आपण फक्त विकत घेणारे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एरिक फॉन हिपेल नावाच्या प्राध्यापकांनी अख्खी कारकीर्द हेच उत्तर तपासण्यात घातली.

त्यांची पद्धत सरळ होती. मोजायचं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसारखी प्रयोगशाळेतली चार प्रकारची उपकरणं त्यांनी घेतली आणि त्यांच्यातल्या १११ सुधारणांचा माग काढला. पहिला नमुना कोणी बनवला? आधी वापरून कोणी पाहिला? १९७६ साली निष्कर्ष छापून आला. ज्या सुधारणा खरंच कामाच्या ठरल्या, त्यांतल्या सुमारे ८० टक्के उपकरण वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनीच केल्या होत्या. म्हणजे गिऱ्हाइकांनी! कंपन्या नंतर आल्या.

असं का होतं? अडचण ज्याची असते, तिची खडानखडा माहिती त्यालाच असते. ती दुसऱ्याला समजावून देणं महाग पडतं. फॉन हिपेल यांनी तिला नाव दिलं, ‘चिकट माहिती’.

मग इंटरनेट आलं आणि एकेकटी माणसं जोडली गेली. २००३ साली करीम लखानी आणि फॉन हिपेल यांनी अपाची या फुकट सॉफ्टवेअरचा अभ्यास केला. अनोळखी लोकांच्या शंका लोक फुकटात का सोडवतात? तर उत्तर लिहायला त्यांचा फारसा वेळ जातच नव्हता. बहुतेक वेळ ते इतरांचे प्रश्न वाचून स्वतः शिकत होते.

आता जिवाशी खेळ असलेली गोष्ट ऐका. २०१३, अमेरिका. मधुमेह असलेला एक लहान मुलगा. साखर मोजणारं यंत्र त्याच्या अंगावर, पण आकडा दिसायचा फक्त जवळच्या रिसीव्हरवर. मुलगा घरी नसला, वडील कामावर असले आणि साखर एकदम उतरली तर? वडील इंजिनिअर होते. त्यांनी कोड लिहिला आणि आकडे इंटरनेटवरून स्वतःपर्यंत आणले. तो कोड इतर पालकांनाही दिला. त्यातूनच ‘नाइटस्काउट’ उभं राहिलं. त्या लोकांचं म्हणणं एकच होतं, आम्ही वाट बघत बसणार नाही.

पण अशा कामाची सरकारी हिशेबात नोंद कुठे होते? काही विकलंच नाही, तर आकडा कुठून येणार? म्हणून फॉन हिपेल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये पाहणी केली. २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. आधीच्या तीन वर्षांत सुमारे २९ लाख सामान्य लोकांनी स्वतःच्या गरजेपोटी काहीतरी नवीन बनवलं किंवा सुधारलं होतं. आणि त्यांचा वर्षाचा खर्च? अशा घरगुती वापराच्या वस्तूंवर तिथल्या सगळ्या कंपन्या मिळून जेवढं संशोधन करत होत्या, त्याहून जास्त!

ही माणसं मोजलीच नाहीत, तर धोरणं आणि सवलती फक्त कंपन्यांसाठीच बनतात. मुद्दा तिथे आहे.

आणि हो, या प्राध्यापकांनी २००५ सालचं आपलं पुस्तकही इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवलंय. जे सांगितलं, ते करूनही दाखवलं. भेटू पुढच्या भागात!