शिवी पुसली, तक्रारीचं काय झालं?

आजचा विषय नातवंडांच्या मोबाईलवरच्या खेळांचा आहे, पण सुरुवात बँकेतल्या एका भिंतीपासून करावी लागेल. ही गोष्ट मी आजवर घरीसुद्धा सांगितली नव्हती.

ऐंशीच्या दशकाची अखेर. सिल्वासात करसवलतींमुळे कारखाने धडाधड उभे राहत होते आणि पगाराच्या दिवशी आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसायची. बँकेचं नाव लिहीत नाही. मी तेव्हा अकाउंटंट होतो. सेव्हिंग्जच्या काउंटरवर एक बाई नव्याने रुजू झाल्या होत्या, लग्न व्हायचं होतं. एक दिवस जिन्यातल्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने त्यांच्या नावानिशी घाणेरडं लिहिलं. त्या माझ्याकडे आल्या. मी शिपायाला बोलावलं, चुना आणवला, संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा चुना. आपण तत्परतेने काम केलं असंच मला वाटत होतं. सही तपासणं हे ज्याचं रोजचं काम, लेजरमधलं प्रत्येकाचं वळण ज्याला पाठ, त्या माणसाने भिंतीवरचं अक्षर कोणाचं हे एकदाही पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं, खरं सांगायचं तर. चार महिन्यांनी बाईंनी बदली मागून घेतली.

सुप्रीम कोर्टाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं 1997 साली आली आणि कायदा तर 2013 मध्ये. ‘तेव्हा नियमच नव्हता’ असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

आता या दिवाळीची गोष्ट. माझी सोळा वर्षांची नात सुट्टीला आली होती. मोबाईलवर चौघांची टीम करून खेळायचा तो बंदुकांचा खेळ ती खेळत होती. टीममधले बाकीचे तिघे अनोळखी. ती माईकवर काहीतरी बोलली मात्र, तिकडून एक आवाज आला, “लडकी है क्या?” आणि पुढे जे सुरू झालं ते मी शेजारच्या खोलीत ऐकलं. तिने शांतपणे माईक बंद केला आणि खेळत राहिली. मला त्या शांतपणाचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाली, “आजोबा, हे रोजचंच आहे. म्हणून मी मुलाच्या नावाने खेळते.” मी विचारलं, तक्रार केलीस का? “केली. बटण असतं. ‘धन्यवाद, आम्ही बघतो’ असं येतं. पुढे काय होतं ते कधीच कळत नाही.”

मला ती भिंत आठवली. मग मी या गोष्टीचा इतिहास वाचायला घेतला. या खेळांत अनोळखी माणसं एकमेकांना छळतात तेव्हा त्याचा न्याय कोणी करायचा, हा प्रश्न चांगला पस्तीस-चाळीस वर्षं जुना निघाला.

1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी पहिला असा खेळ केला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. खेळ चालवणाऱ्यांना ‘विझर्ड’ म्हणत, म्हणजे जादूगार, आणि त्यांचा शब्द अखेरचा. पुढे कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस या माणसाने 1990 मध्ये ‘लॅम्डामू’ नावाचं असंच एक मजकुराचं गाव वसवलं. लोकांची आपापसातली भांडणं सोडवून विझर्ड मंडळी कंटाळली, तेव्हा 1992 च्या डिसेंबरात त्याने जाहीर केलं की आता आम्ही फक्त यंत्र सांभाळू, भांडणं तुमची तुम्ही मिटवा.

आणि पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, ‘मिस्टर बंगल’ हे नाव घेतलेल्या एकाने सगळ्यांसमोर इतर पात्रांची विटंबना केली. त्याने अशी काही युक्ती केली होती की पडद्यावर लोकांना वाटावं, त्या बायका आपणहूनच ते घाणेरडे प्रकार करताहेत. लिहिलेला मजकूरच तो, पण ज्यांच्या बाबतीत झालं त्यांतली एक त्याबद्दल लिहिताना रडली, असं ज्युलियन डिबेल या पत्रकाराने ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये नोंदवलंय. त्याचं काय करायचं म्हणून गावाची सभा भरली. तासन् तास बोलणं झालं. आपल्या सोसायटीच्या सभेसारखीच, निर्णय काही नाही. सभा संपल्यावर एका विझर्डने एकट्यानेच त्याचं खातं उडवून टाकलं. ज्यांना हवं होतं तेच झालं, पण कोणत्या अधिकाराने? म्हणून कर्टिसने अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. तीही चालेना, आणि 1996 मध्ये विझर्ड पुन्हा निर्णयात उतरले.

दुसरा प्रयोग मला जास्त पटला. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ 2009 मध्ये आला. तो चालवणाऱ्या रायट गेम्स कंपनीने 2011 मध्ये ‘ट्रिब्युनल’ सुरू केलं. एखाद्याबद्दल तक्रारी साठल्या की त्याचं सगळं बोलणं फाईल करून इतर खेळाडूंसमोर ठेवायचं. त्यांनी वाचून मत द्यायचं, शिक्षा की माफी. पंचायतच म्हणा. दहा कोटींवर मतं पडली. व्यावसायिक पातळीवरच्या एका नामांकित खेळाडूलाही 2012 मध्ये वर्षभर बाहेर बसवलं.

यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे शिव्या देणारे बहुतेक जण पक्के गुंड नसून एरवी नीट वागणारे निघाले, त्या दिवशी डोकं फिरलेले. त्यांना नुसती बंदी घातली की ते परत येऊन तेच करत, पण ‘तू हे बोललास, म्हणून ही शिक्षा’ असं त्याचंच बोलणं समोर ठेवून कळवलं की त्यातले पुष्कळ सुधारत. दुसरी त्याहून साधी. समोरच्या टीमशी बोलायची सोय त्यांनी मुळात बंद ठेवली, ज्याला हवी त्याने चालू करावी. आधी दोन टीममधल्या बोलण्यापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त वाईट होतं. आठवड्याभरात वाईट बोलणं तीस टक्क्यांहून जास्त घटलं आणि चांगलं जवळजवळ पस्तीस टक्क्यांनी वाढलं. हे आकडे कंपनीने स्वतः दिलेले आहेत, ऑडिट झालेले नाहीत, एवढं लक्षात ठेवा. ट्रिब्युनलला निकाल द्यायला फार वेळ लागे. 2014 मध्ये ते बंद झालं आणि काम यंत्राकडे गेलं.

यंत्राला कान कोणत्या भाषेचे, हाही प्रश्न आहेच. याच कंपनीने ‘व्हॅलोरंट’ या खेळात बोलणं रेकॉर्ड करून तपासायला 2022 मध्ये सुरुवात केली ती उत्तर अमेरिकेत, आणि इंग्रजीपुरती. आमच्या सिल्वासात पोरं एका वाक्यात हिंदी, गुजराती, मराठी आणि वारली मिसळतात.

आपल्याकडे मात्र निराळंच चाललं होतं. 2019 च्या मार्चमध्ये शेजारच्या गुजरातेत राजकोट पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घातली आणि खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना अटकही केली. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने 118 ॲप्स बंद केली त्यात तो गेला, कारण देशाच्या सुरक्षेचं. 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची परवानगी, रोज तीन तासांची मर्यादा, आणि रक्ताचा रंग हिरवा! रक्ताचा रंग बदलणं सोपं. बोलण्याचं काय?

आणि बोलण्यावर हात टाकला की काय होतं ते आपण पालघरला पाहिलंय, वापीहून गाडीने दीड-दोन तासांवर. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. नोव्हेंबर 2012, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद. एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीने ‘लाईक’ केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ लावलं होतं. नंतर पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटलाही टिकला नाही. 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं, कारण ‘त्रासदायक’, ‘आक्षेपार्ह’ हे शब्द इतके सैल होते की त्यांत काहीही बसवता येई. तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले होते. मी स्वतः ‘मुलींनी लिहायलाच नको होतं’ या तटात होतो. आज मला तसं वाटत नाही. एखाद्या बंदबद्दल मत मांडणं निराळं आणि एका मुलीला ती मुलगी आहे म्हणून माईकवर शिव्या घालणं निराळं. त्या कलमाने पहिल्याला पकडलं, दुसऱ्याला कोणी विचारलं नाही.

नियम आता आहेत. 2021 च्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, चोवीस तासांत पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत निकाल. समाधान झालं नाही तर 2023 पासून सरकारच्या अपील समितीकडे तीस दिवसांत जाता येतं. बँकवाल्यांना ही शिडी ओळखीची वाटेल. बँकिंग लोकपाल 1995 मध्ये आला तेव्हा आम्ही अधिकारी केवढे कुरकुरलो होतो! पण त्यानंतरच तक्रार वहीत ‘काय कारवाई केली’ हा रकाना मन लावून भरला जाऊ लागला.

हे सगळं नातीला सांगितलं, भिंतीसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या बाईंना तुम्ही सांगितलंत का, कोणी लिहिलं होतं ते?”

मी म्हटलं, “नाही गं. मी शोधलंच नाही.”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून त्या खेळाच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. तारीख, वेळ, त्या मुलाचं खेळातलं नाव, काय बोलला ते. शिव्या जशाच्या तशा लिहायच्या की टिंबं द्यायची यावर आमचा वाद झाला. जशाच्या तशा लिहिल्या, टंकल्या मी. खाली एक ओळ तिने घातली : काय कारवाई केली ते कळवावं. पोच आली आहे. मुदतीचा शेवटचा दिवस येत्या गुरुवारी आहे, डायरीत लिहून ठेवलाय.