आजाराचे निदान आणि मनाचा तोल

सातपुड्याच्या डोंगररांगांतील काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. याच पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्ततपासणी होते, औषधे सुरू होतात. परंतु जन्मभर सोबत राहणाऱ्या आजाराची वार्ता ऐकून रुग्णाच्या मनाचे काय झाले, याची विचारपूस क्वचितच होते. अशा धक्क्यातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थेला समायोजन विकार अर्थात ॲडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणतात.

विकाराचे स्वरूप

गंभीर आजाराचे निदान, शस्त्रक्रिया, अपंगत्व अशा ठळक घटनेनंतर हा विकार जडतो. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे रोगवर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार लक्षणे साधारणतः महिनाभरात दिसू लागतात. तोच तो विचार मनात घोळणे, झोप उडणे, सततची काळजी आणि दैनंदिन कामात मन न लागणे ही त्याची लक्षणे होत. ताणाचे कारण दूर झाल्यावर ती बहुधा सहा महिन्यांत ओसरतात. मात्र आजारच दीर्घकाळाचा असेल, तर ताणही रेंगाळतो.

'सौम्य' म्हणून दुर्लक्ष

तीव्र नैराश्याच्या तुलनेत हा विकार सौम्य मानला जातो. आत्महत्येच्या संदर्भात ही समजूत घातक ठरते. डेन्मार्कमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे निदान झालेल्यांमधील आत्महत्येचे प्रमाण निदान नसलेल्यांच्या सुमारे १२ पट आढळले. या विकारात विचार आणि कृती यांतील अवधी अनेकदा अल्प असतो. त्यामुळे आप्तांना सावध होण्यास वेळ मिळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी १८.४ टक्के प्रकरणांत आजारपण हे कारण नोंदले गेले. कौटुंबिक समस्यांखालोखाल हेच प्रमुख कारण होय. अर्थात आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असते.

समजावून सांगणे हाही उपचार

सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचे तीव्र झटके येतात, दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात, मजुरी बुडते, विवाहाची चिंता सतावते. आटोक्यात न आलेली वेदना निराशेत भर घालते. म्हणून वेदनेवर वेळीच उपचार होणे मनासाठीही आवश्यक ठरते. 'वाहक' आणि 'रुग्ण' यांतील फरक न उमगल्यानेही अकारण भीती बसते. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी जीवन जगते. दोन वाहकांच्या विवाहात मात्र प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे रुग्णाच्या स्वतःच्या बोलीत, शांतपणे सांगितल्यास मनावरचे निम्मे ओझे उतरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातही तपासणीच्या जोडीने समुपदेशनाला स्थान आहे.

कुटुंबीयांनी काय करावे?

'आता जगून काय उपयोग', 'माझा सगळ्यांना भार झाला' असे उद्गार, औषधे नाकारणे, एकाकी राहणे किंवा निरवानिरवीची भाषा ही धोक्याची चिन्हे समजावीत. मनात आत्महत्येचा विचार येतो का, हे आपुलकीने आणि थेट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो, ही भीती निराधार आहे. अशा वेळी रुग्णाला एकटे सोडू नये, घरातील घातक वस्तू आवाक्याबाहेर ठेवाव्यात आणि डॉक्टरांना त्वरित कळवावे. समुपदेशन हा या विकारावरील मुख्य उपचार असून, गरजेनुसार औषधेही दिली जातात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरले जाते. तिला उपचार व पुनर्वसन पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्यामुळे पोलिसांच्या धास्तीने उपचार टाळू नयेत. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.