डाव्या स्टीअरिंगची जीप

आमच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली एक जीप उभी असते. स्टीअरिंग डावीकडं आहे आणि मागच्या फाळक्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलंही आहे. दिवेआगरला येणारे पर्यटक वाट चुकून आमच्या वाडीत शिरले की आधी तिचा फोटो काढतात, मग रस्ता विचारतात. दर दिवाळीच्या सुट्टीत एखादा तरी विचारतोच, "काका, देणार का? काय घ्याल?"

ती घरात आली १९७९ साली. दहावीचा नवा बोर्ड १९७५ ला सुरू झाला, त्यातली आमची दुसरी बॅच. पुढं शिकायचं तर मुंबई गाठायला हवी होती आणि वाडीत माणूस नव्हता. म्हणून मी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हाताखाली सुपारी सोलायला बसलो तो बसलोच. अलिबागेत एका सरकारी खात्याच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला. अण्णा गेले होते जमिनीच्या कामाला आणि आले जीप घेऊन. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड झालं ते १९८१ मध्ये. एका हंगामाच्या रोठा सुपारीचे पैसे गेले. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बैलांची नवी जोडी आली असती." ते खरंच होतं.

आता थोडं मागं जातो, कारण या गाडीला आपण सरकारी साहेबांची गाडी समजत आलो, पण तिची पत्रिका वेगळी आहे. जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत, १९४१ च्या सुमारास. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून लढाई संपेपर्यंत सहा लाखांच्या वर गाड्या काढल्या. लढाई संपल्यावर एवढ्या गाड्यांचं गिऱ्हाईक कोण? तर शेतकरी. १९४५ ला विलीसनं 'सिव्हिलियन जीप' काढली, सीजे म्हणतात ती, आणि ती खपवली नांगर ओढणारी, पट्ट्यावर मळणीयंत्र चालवणारी गाडी म्हणून. मागच्या बाजूला पीटीओ जोडायची सोय होती, आज ट्रॅक्टरला असते तशीच. हे मला कळलं तेव्हा मी पन्नाशीत होतो. आईला सांगायला हवं होतं, पण ती तोवर गेली होती.

आपल्याकडं लुधियान्याच्या दोघा महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर १९४५ ला कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, पुढं तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ ला कंपनीच्या नावात मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्र आला. जीपचे सुटे भाग बोटीनं यायचे आणि मुंबईत माझगावला जोडले जायचे. माझगाव म्हणजे आपला भाऊचा धक्का. रेवसहून लाँचनं जाणारा आमचा माणूस जिथं उतरायचा, तिथून हाकेवर ही गाडी बनत होती.

आमची जीप सीजे थ्री-बी. बोनेट उंच, कारण इंजिनाचे काही व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घेतले, त्यामुळं इंजिनाची उंची वाढली. दिसायला जरा बेंगरूळ. अमेरिकेत ही गाडी १९६८ ला बंद झाली, आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं चालली. पेट्रोल इंजिन, सव्वादोन लिटरचं, सत्तर-पंचाहत्तर घोड्यांचं. तीन गिअर, आणि खाली दोन छोटे दांडे. एक पुढची चाकं जोडायला, दुसरा 'लो' घालायला. पहिला गिअर आणि लो मिळून इंजिन ३७ वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. लाल चिखलात, घसरड्या पाखाडीवर हीच तिची खरी ताकद. बैल जसा मान खाली घालून दमानं ओढतो, तशी.

पण दोन दुखणी होती. एक पेट्रोल. लिटरला सहा-सात किलोमीटर, आणि त्याच वर्षी इराणात उलथापालथ होऊन तेलाचे भाव कडाडले. दुसरं पाणी. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली की पाणी पंख्यावरून उडून डिस्ट्रिब्युटरवर जायचं आणि ती मधोमध बंद पडायची. आम्ही पंख्याचा पट्टा काढायचो, डिस्ट्रिब्युटरला ग्रीस फासून प्लॅस्टिकची पिशवी बांधायचो. तरी बंद पडायचीच. मग छातीएवढ्या पाण्यात उतरून ढकला.

बोर्लीकडं एक मिस्त्री होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बंदरातल्या लाँचांची इंजिनं करण्यात हयात गेलेली. १९८६ च्या उन्हाळ्यात ते अण्णांना म्हणाले, "अण्णा, हिला डिझेलची करू. ट्रॅक्टरचं काळीज बसवू." ही काही चाचांची कल्पना नव्हती. १९६३ पासून महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर मिळून कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर काढत होते, आणि त्याच ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन पुढं कंपनीनं स्वतःच जीपमध्ये घातलं. ते पाहून गावोगावच्या मिस्त्र्यांनी जुन्या पेट्रोल जीपा डिझेलवर घेतल्या. कोणी ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं, कोणी प्यूजोचं, कोणी मेटॅडोरचं. जे कुर्ल्याच्या भंगारात मिळालं ते.

आमचं इंजिन कुर्ल्यालाच मिळालं. चाचा आणि मी एसटीनं गेलो, टेम्पोनं आलो. बसवायला बावीस दिवस लागले. नवं इंजिन जड, त्याचे पाय जुन्या जागी बसेनात. चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड केले. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मधे जाड पत्र्याची तबकडी लेथवर कातून आणली. ती केसभर जरी तिरकी बसली तर क्लच खातो, म्हणून चाचांनी तीनदा खोलून तीनदा बसवली. वजनानं पुढचे कमानपाटे बसले, तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. रेडिएटर मोठा घेतला. कागदावर ताकद निम्म्यावर आली, पस्तीस घोडे. पण होती ती कमी फेऱ्यांतच मिळायची, आणि डिझेलला ठिणगी लागत नाही. पंख्यानं पाणी कितीही उडवलं तरी ओढ्यात ती बंद पडायची राहिली. फक्त हादरे इतके की आरशात माणूस दोन दिसायचा.

अण्णांचा एक हट्ट होता, तो तेव्हा मला उगाच वाटला. पाच हेलपाटे घालून त्यांनी आरटीओत नव्या इंजिनाचा नंबर आणि 'डिझेल' अशी नोंद पुस्तकात करून घेतली. गावातल्या दुसऱ्या कोणी असं केलं नव्हतं.

पीटीओ आला त्यानंतर सात-आठ वर्षांनी. चाचांना कुर्ल्यालाच एका जुन्या विलीसची पुली सापडली. त्यांनी ती मागच्या बाजूला बसवली, एक दांडा वाढवला. सुपारीच्या वाडीला पाणी नेमानं लागतं आणि वीज नेमानं जायची. पूर्वी आमच्या विहिरीवर रहाट होता, बैल गोल फिरायचे. मग मोटार आली. मोटार बंद असली की जीप विहिरीकडं मागं लावायची, पट्टा चढवायचा, पंप सुरू. त्यातही एक मेख आहे. समुद्राकाठची विहीर जोरात उपसली की खालून खारं पाणी चढतं, विहीर मचूळ होते. म्हणून चाचांनी हाताच्या थ्रॉटलवर रंगाची खूण केली होती. त्याच्या वर जायचं नाही.

आमच्याकडं गाडी खालून मरते. खारा वारा, खारी वाळू. चासीच्या पेटीत वाळू साचते, ओल धरते आणि आतून पत्रा पापडासारखा होतो. चाचांनी चासीला खालून भोकं पाडली, पाणी आणि वाळू निघून जावी म्हणून. पावसाळ्याआधी होडीला लावतात ते माशाचं तेल आत सोडायचं. आठ दिवस गाडीत बसवत नाही, कुत्री मागं लागतात. पण चासी अजून तीच आहे.

आता माझी चूक सांगतो. २०१६ च्या नाताळच्या आसपास पुतण्या पुण्याहून मित्र घेऊन आला. त्यांना ऑफ-रोडिंग करायचं होतं. त्यांच्या बोलण्यात इगतपुरीची ट्रेनिंग अकॅडमी होती, विंच होती, स्नॉर्केल होतं. चावी मीच दिली. तिथी विचारात घेतली नाही, हे शेतकऱ्याला शोभत नाही. आमच्याकडं तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी चतुर्थी, म्हणजे तीनला पूर्ण भरती. पोरं बारा वाजता ओल्या वाळूवर गेली. टायरमधली हवा कमी केली नव्हती. वाळूत जायचं तर तीसची हवा पंधरावर आणायची, म्हणजे टायर पसरतो, भार वाटला जातो. यांनी भरल्या टायरवर रेस दिली. एक चाक जागीच फिरलं आणि खड्डा झाला, कारण साधा डिफरन्शियल सगळी ताकद फिरणाऱ्या चाकालाच देतो. अशा वेळी रेस कमी करून ब्रेकवर हलका पाय ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या चाकाला थोडं मिळतं. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी.

मी पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते आणि मागचा हाउजिंग पाण्यात होता. हवा सोडली, चाकांखाली झावळ्या आणि फळ्या घातल्या, कोळीवाड्यातल्या दहा जणांनी होडीचा दोर लावला. निघाली. पण हाउजिंग गरम असताना थंड पाण्यात बुडाला की आत हवा आखडते आणि तो पाणी ओढून घेतो. त्या रात्री ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. डिझेलनं तीन वेळा धुतलं, चाकांची बेअरिंगं काढून पुसली, पहाटे चार वाजले. पुतण्या शेवटपर्यंत टॉर्च धरून बसला होता. तेव्हापासून किनाऱ्यावर गाडी बंद. शिवाय थंडी-उन्हाळ्यात दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत कासवं अंडी घालतात, तिथं चाकं फिरवण्यात कसली मर्दुमकी?

तरी पुतण्याचं वेड गेलं नाही. २०१८ ला तो यादीच घेऊन आला. टायर मोठे, गाडी चार इंच वर, पुढं लोखंडी बंपर, मागची पुली कापून तिथं स्टेपनी. मी म्हटलं, "ही मुळात अरुंद, दोन चाकांत जेमतेम चार फूट. वर उचलशील तर उतारावर आडवी होईल. मोठा टायर घातलास की लो गिअरचा जोर गेला आणि शाफ्ट तुटायची पाळी आली." तो म्हणाला, "काका, सगळे करतात." वाद बरेच महिने चालला. मग जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की कंपनीनं दिलेल्या आणि पुस्तकात नोंदलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही. लोखंडी बंपरवर तर केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरातच बंदी कळवली होती. अण्णांच्या पाच हेलपाट्यांची किंमत तेव्हा कळली. आमचं इंजिन पुस्तकात होतं.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून थोडंच केलं. टायर मूळ मापाचे, नक्षी खोल. हाउजिंगच्या श्वासनळीला रबरी नळी लावून ती बोनेटखाली वर आणली, पाणी ओढायला नको. चासीला पुढं-मागं बोल्टनं आकडे. कमानपाट्यांचे बुश नवे. पुली राहिली, पण पुतण्याच्या नाखुशीनंच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. दुपारचे दोन-तीन तास. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकाच दिशेला झोपल्या, नारळ मुळासकट. अण्णांनी लावलेली झाडं होती ती. अण्णा नव्हते, बरंच झालं. रस्त्यावर झाडं, तारा, खांब. लॉकडाऊनमुळं पुतण्या गावातच अडकलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोयते, करवती आणि होडीचा दोर घेऊन निघालो. लो घालायचा, दोर आकड्यात, आणि दमानं ओढायचं. झटका द्यायचा नाही, नाहीतर दोर तुटून माणूस जातो. माझ्या पाळंदीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत यायला दोन दिवस गेले.

वीज आमच्याकडं महिन्याहून जास्त नव्हती. पाऊस सुरू झाला होता, पण बऱ्याच विहिरींत झाडं पडून पाणी सडलेलं. आमची विहीर बरी होती. पुतण्यानं स्वतः जीप मागं लावली, पट्टा चढवला. थ्रॉटलवरची चाचांची खूण पुसट झाली होती. त्यानं विचारलं, "काका, कुठपर्यंत?" मी नखानं दाखवलं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. बाया हंडे-पिंपं घेऊन रांगेत. चाचांच्या घरचेही आले होते. चाचा त्याच्या आदल्याच वर्षी गेले. त्यांच्या मुलानं पुलीचं बेअरिंग हातानं चाचपलं आणि म्हणाला, "अब्बांनी बसवलेलंच हाय काय?" तेच होतं.

आता खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं, आणि २०२२ ला त्याची फी ६०० वरून ५००० झाली होती. परवाच्या पासिंगला साहेबांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, मग पुलीकडं बोट केलं. पुतण्यानं त्यांना विहीर, पट्टा, थ्रॉटल सगळं समजावलं, अर्धा तास. मी बाकावर बसून होतो.

गेल्या दिवाळीत पुण्याचे कोणी चौघं आले. विकणार का म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत पुतण्या म्हणाला, "नाही." मग त्यांना इंजिनाचा आवाज तरी ऐकवावा म्हणून त्यानं सेल्फ मारला. बॅटरी उतरलेली. चौघांनी मिळून ढकलली, पाळंदीच्या उतारावर दुसऱ्या गिअरला सुरू झाली.