तळटीप १४ : बाळंतिणीच्या उशाशी विळा

१४. उशाशी विळा : सटवाई पाचवीच्या किंवा सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. त्या रात्रीच्या तिच्या पूजेत पाटा-वरवंट्याजवळ विळा, कोयता किंवा सुरी मांडतात आणि बाळंतिणीच्या उशाशीही लोखंड ठेवतात. हडळ, जखीण यांना ते सोसत नाही, हा विश्वास. नवरदेवाच्या हातची कट्यार आणि उंबरठ्यावरची घोड्याची नाल याच घराण्यातली. रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात थडग्यातून उपटलेले खिळे उंबऱ्यात ठोकण्याचा तोडगा नोंदवला आहे. देव्हाऱ्यात मात्र तांबे, पितळ, चांदी चालते. लोखंड शनीचे, म्हणून शनिवारी ते विकतही घेत नाहीत. देवाला वर्ज्य तेच भुताला जालीम, असा हा न्याय.

 

खरा धोका मात्र त्या लोखंडी पात्यातच होता. माती लागलेल्या विळ्याने नाळ कापली की धनुर्वाताचे जंतू शिरत आणि बाळ बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आखडे. सटवाईची रात्रही त्याच सुमाराची. गर्भवतीला दिलेली लस आणि निर्जंतुक पाते यांनी ही भीती पुष्कळ ओसरली.