दुष्काळाची बातमी उशिरा का येते?



काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दुष्काळ आधी तिथं दिसतो. ऑगस्टात पावसानं ओढ दिली की चाऱ्याच्या धास्तीनं दावणीची जनावरं बाजारात उतरतात आणि भाव पडतो. पेपरात अन टीव्हीवर मात्र दुष्काळ येतो एप्रिल-मेमध्ये: भेगाळलेलं तळं, डोक्यावर हंडा, टँकरभोवती गर्दी.

पूर्वी असं नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या ‘केसरी’नं शेतकऱ्याला कायदा समजावून सांगितला. पीक बुडालं तर सारा तहकूब किंवा माफ करून मागता येतो, सरकारनं दुष्काळी काम दिलं पाहिजे, हे सरकारच्याच फॅमिन कोडात होतं. सार्वजनिक सभेची माणसं तेच सांगत खेड्यापाड्यांत फिरली. सरकारला ते एवढं झोंबलं की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली.

१९७२ ला मुंबई दूरदर्शन ऐन दुष्काळात, २ ऑक्टोबरला सुरू झालं, पण खेड्यात टीव्ही होता कुठं? जुन्या माणसांना विचारा. ७२ म्हटलं की मिलो, सुकडी आणि खडी फोडणं आठवतं. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. मागणी होती ‘काम द्या’. त्यातूनच पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा आला.

मग २०१६. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. देशभर तेच चित्र फिरलं. लातूरकरांची तहान खरीच होती. पण शेतातला दुष्काळ २०१४ आणि २०१५ च्या पावसाळ्यातच पडला होता, त्याचं चित्र कुणाच्या डोळ्यांपुढं नाही.

यात आपलीही चूक आहे. आपणसुद्धा आता ‘टँकर सुरू झाला का?’ यावरून दुष्काळ मोजतो. आपल्याच तालुक्यात कॅनॉलखाली ऊस हिरवा आणि वरच्या कोरडवाहू रानात बाजरी करपलेली असते. फोटो एकाचाच निघतो आणि गाव तसंच ठरतं.

निर्णय मात्र आधीच होतात. २०१८ ला राज्यानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरला. त्याआधी पाऊस, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल आणि निवडक गावांतली पीकपाहणी बघितली जाते. मेमधल्या हंड्याच्या फोटोचा त्या वेळी काय उपयोग?

म्हणून मी वहीत रोजचा पाऊस लिहितो. खंड पडला की आठवड्याला एकाच बांधावरून, तारीख टाकून पिकाचा फोटो काढतो. तुम्हीही सुरू करा. पीकपाहणीला माणूस येईल तेव्हा वही आणि फोटो त्याच्यापुढं ठेवा. आपली बातमी आपल्यालाच वेळेत द्यावी लागेल.